न ऐकणारा पेशंट

दवाखान्यात आमचं इंग्रजी लिहायचं असतं, बोलायचं नसतं. केसपेपर, औषधांचा चार्ट, ड्यूटी बदलताना द्यायचा रिपोर्ट, सगळं मी वर्षानुवर्षं इंग्रजीत लिहीत आले होते. तोंड उघडायची वेळ आली की मराठी. पेशंट कर्नाटकच्या बाजूचा असला तर कानडी. अक्कलकोटजवळच्या गावात वाढल्यामुळे ती मला मराठीइतकीच सहज येते. विणकरांच्या घरातल्या म्हाताऱ्यांशी बोलताना मोडकीतोडकी तेलुगू आणि कुणाशी दखनी उर्दू, या दोन्ही मी वॉर्डातच शिकले. सोलापूरच्या कुठल्याही सिस्टरला हे करावंच लागतं. त्यामुळे बोलण्यात आपण कुठे कमी पडू, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

परदेशातल्या दवाखान्यात नोकरीला जायचं ठरवलं तेव्हा कळलं, की त्याआधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. वाचणं, ऐकणं, लिहिणं यांची मला भीती नव्हती. भीती होती ती बोलण्याची. नर्सेसच्या त्या परीक्षेत बोलण्याचा भाग म्हणजे एक छोटं नाटकच असतं. हातात एक कार्ड देतात. पेशंट कोण, त्याला काय झालंय, तुम्ही त्याला काय समजावून सांगायचं, हे त्यावर लिहिलेलं असतं. थोडा वेळ वाचायला मिळतो. मग समोर बसलेला माणूस पेशंट होतो, तुम्ही सिस्टर होता, आणि पाच मिनिटं बोलायचं. अशी दोन कार्डं.

हेच तर आपण रोज करतो, असं मला वाटलं. नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर क्लास होता, तिथे मी नाव घातलं. शिकवणारे सर माझ्याहून बरेच लहान होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला आणि माझ्या एका मैत्रिणीला समोरासमोर बसवलं. ती पेशंट, मी सिस्टर. मी घरून वाक्यं पाठ करून गेले होते. 'आय कम्प्लीटली अंडरस्टँड युवर कन्सर्न,' 'लेट मी रीअशुअर यू,' अशी घडी घातलेली, इस्त्री केलेली वाक्यं. न अडखळता मी ती सगळी म्हणून टाकली आणि सरांकडे बघितलं.

सर म्हणाले, "मॅडम, छान. आता सांगा, पेशंट काय म्हणाल्या?"

मला काही आठवेना. ती बोलत होती तेव्हा मी माझं पुढचं वाक्य मनात घोळवत होते.

"तुम्ही पाठ केलेलं बोलताय," सर म्हणाले. "तिथे हे लगेच ओळखतात."

मला राग आला. इतकी वर्षं पेशंटजवळ उभं राहून काढली, आणि हा मुलगा मला पेशंटचं ऐकायला शिकवणार! पण घरी येताना रिक्षात मला ते पटलं. मराठीत मी ऐकत होते, कानडीत ऐकत होते. इंग्रजी सुरू झालं की कान बंद होत होते.

सराव करायचा तर समोर कुणीतरी हवं. मैत्रिणीची परीक्षा माझ्याआधी होती. ती पास झाली आणि तिच्या जायच्या तयारीला लागली. मग मी नवऱ्याला बसवलं. तो एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात आहे, कामापुरतं इंग्रजी त्याला येतं. पण पेशंट म्हणून तो अगदीच कुचकामी निघाला. मी काहीही सांगितलं की म्हणायचा, "येस सिस्टर. ओके सिस्टर. थँक यू सिस्टर." पाच मिनिटांचं काम एका मिनिटात संपायचं.

आमच्या सासूबाई गॅलरीत बसून हा प्रकार बघत होत्या. आमच्यात सासूला आत्या म्हणतात, मीही त्यांना आत्याच म्हणते. त्या सांगोल्याकडच्या. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मल्या, तशाच घरात दिल्या गेल्या, आणि अर्धं आयुष्य त्यांनी कळपामागे चालण्यात घालवलं. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. आवाज मात्र माळरानावरचाच राहिला. त्यांनी साधं 'चहा घे' म्हटलं तरी खालच्या मजल्यावर ऐकू जायचं.

त्या म्हणाल्या, "ह्यो कसला पेशंट? ह्येला तर काय झालेलंच दिसत न्हाय. सरक तिकडं, मी हुते की पेशंट."

"आत्या, हे इंग्रजीत असतंय."

"तू बोल की विंग्रजीत. मी आपली माझ्या भाषेत आजारी पडते."

नवरा हसत हसत उठला आणि त्या खुर्चीवर बसल्या. पदर सावरला, चेहरा पाडला. मी त्यांना कार्ड समजावलं. शुगरचा पेशंट आहे, गोळ्यांनी भागत नाही, आता इन्सुलिनचं इंजेक्शन रोज घ्यायचंय आणि पेशंट तयार नाही.

"सुई? रोज? न्हाय जमायचं मला," आत्यांनी सुरुवात केली.

"आय कम्प्लीटली अंडरस्टँड युवर कन्सर्न," मी म्हणाले.

"काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, मला तुमची काळजी पूर्णपणे समजते."

"कशाची काळजी? मी तर अजून काय सांगितलंच न्हाय."

नवरा पोट धरून हसायला लागला. मला मात्र क्लासमध्ये सरांनी एवढे दिवस जे सांगितलं होतं, ते आता नेमकं कळलं. मी पुन्हा सुरुवात केली. आधी इंग्रजीत विचारलं, मग तेच मराठीत, "सुईचं काय वाटतं तुम्हाला? दुखेल म्हणून नको म्हणताय, का दुसरं काही आहे?"

"दुकायचं काय न्हाय गं. पर मी एकटीच असते घरात. सुई चुकली तर कुनाला हाक मारू?"

असं उत्तर आल्यावर पुढचं वाक्य पाठ असून उपयोगच नव्हता. ते तिथल्या तिथे घडवावं लागलं. माझं इंग्रजी अडखळलं, काळ चुकले, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी इंग्रजीत कुणाशी तरी बोलले.

त्यानंतर आमचा नेम ठरला. सकाळची ड्यूटी असली की चार वाजता चहा, आणि चहानंतर पेशंट. मी प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत बोलायचे, लगेच त्यांना कळेल अशा मराठीत. जे वाक्य आत्यांना सांगताना मला ओशाळल्यासारखं व्हायचं, ते मी इंग्रजीतूनही काढून टाकायचे. 'रीअशुअर' गेलं, 'कम्प्लीटली' गेलं. राहिली ती साधी वाक्यं. कधीपासून दुखतंय? कशानं वाढतं? घरी कोण असतं? माझ्या बोलण्यातलं काही समजलं नाही असं आहे का?

आत्यांना तर या कामाची गोडीच लागली. पोराला ताप आलेली घाबरी आई त्या अशी करायच्या की मी कार्ड विसरून आधी त्यांनाच पाणी द्यायचे. बिलावरून भांडणारा पेशंटचा भाऊ केला तेव्हा शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारायला आल्या, काही झालंय का म्हणून. नवरा कामावरून आला की दारातच चपला काढून पाय न वाजवता आत यायचा, कारण एकदा मधे बोलला म्हणून आत्यांनी त्याला ओरडून सांगितलं होतं, "पेशंट चालू हाय, दिसत न्हाय का?" एक गोष्ट मात्र त्या कधी करायच्या नाहीत. लगेच ऐकायच्या नाहीत. मी कितीही पटवलं तरी शेवटपर्यंत एखादी शंका राखून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बगू. इचार करते."

क्लासमध्ये सरांच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं, "मॅडम, कुणाबरोबर प्रॅक्टिस करताय?"

"सासूबाईंबरोबर."

"त्या इंग्रजीच्या शिक्षिका आहेत का?"

"नाही. मेंढरं राखायच्या."

सर माझ्याकडे बघतच राहिले, मग म्हणाले, "त्यांना सांगा, चालू ठेवा."

मी घरी येऊन तसं सांगितलं. त्या दिवशी चहा आत्यांनी स्वतः उठून केला.

परीक्षा महिन्यावर आली होती तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी मी जे कार्ड काढलं त्यात पित्ताशयात खडे झालेली बाई होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय आणि ती टाळते आहे. टाळण्याचं कारण शोधून काढायचं, असं सिस्टरचं काम होतं. मी आत्यांना समजावलं, जेवणानंतर दुखतं, तेलकट खाल्लं की जास्त.

आत्या खुर्चीवर बसल्या. रोजच्यासारखा चेहरा वगैरे पाडला नाही. मी विचारलं, कधीपासून त्रास होतोय?

"लई वरसं झाली."

"दुखतं म्हणजे कसं दुखतं?"

"दुकत न्हाय. वडल्यासारकं हुतं. पान्याची घागर उचलली की. लई येळ हुबं ऱ्हायलं की."

मी थांबले. "आत्या, तसं नाही. दुखणं पोटात वरच्या बाजूला आहे. उजवीकडे."

त्या म्हणाल्या, "माझं खालीच हाय."

मी कार्ड बाजूला ठेवलं. क्षणभर वाटलं, त्या पेशंट रंगवत असतील. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. मेंढरांच्या कळपाला नुसत्या आवाजाने वळवणारी ही बाई इतक्या हळू बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

मी खुर्ची पुढे ओढली. इंग्रजी आता संपलं होतं. "आत्या, खाली म्हणजे अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का?"

त्यांनी मान हलवली.

"आत ढकलावं लागतं?"

"व्हय. पयलं कवातरी यायचं. आता रोजच."

वॉर्डात अशा बायका मी कितीतरी बघितल्या होत्या. गर्भाशय खाली सरकलेलं असतं, वर्षानुवर्षं ते झाकून कामं करत राहतात आणि फार उशिरा येतात. आत्यांच्या वागण्यातल्या कितीतरी गोष्टींचा अर्थ मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या लागत गेला. एसटीने गावाला जायचं त्यांनी का सोडलं, लग्नकार्यात लांब बसायचं असलं की कंटाळा आला म्हणून लवकर का उठतात, जिना चढताना मधल्या मजल्यावर का थांबतात. मला वाटायचं, वय झालं.

"कुणाला सांगितलं होतं का?"

"कुनाला सांगनार? ह्येच्या बापाला सांगितलं न्हाय. पोराला सांगायचं असतंय व्हय हे?"

"मला तरी सांगायचं होतं."

त्या म्हणाल्या, "सांगितलं की आता."

खरं आहे, त्यांनी सांगितलं होतं. महिनाभर त्या रोज कुणाचं ना कुणाचं दुखणं घेऊन माझ्यासमोर बसत होत्या. मी विचारत होते, त्या उत्तर देत होत्या. त्या दिवशी त्यांनी स्वतःचं दुखणं आणलं, इतकंच.

आता पुढे काय, हे मला ठाऊक होतं, पण मी घाई केली नाही. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या उठून जातील, हे मी महिनाभराच्या सरावात शिकले होते. दुसऱ्या दिवशी चहानंतर मी नुसतं विचारलं, "दवाखान्यात जायचं म्हटलं तर कशाची भीती वाटते तुम्हाला?"

"तुझ्या दवाखान्यात न्हाय यायची मी. समदी तुला वळखत्यात तितं."

"दुसरीकडे जाऊ. डॉक्टर बाईच असतील."

"समदं काडून टाकत्यात म्हनं. मग बाईत काय ऱ्हात न्हाय. गावात एकीचं केलं तर ती कायमची खाटंवरच गेली."

मी त्यांना एकेक समजावलं. काय काढतात, काय ठेवतात, किती दिवस झोपायचं, नंतर काय उचलायचं नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि ठरल्याप्रमाणे म्हणाल्या, "बगू. इचार करते." पण मला त्यांचा हा पेशंट आता चांगला माहीत होता. शेवटची शंका अजून पोटातच होती.

"अजून काय आहे, आत्या?"

गॅलरीतून खाली बघत त्या म्हणाल्या, "तू जानार. आन् मी खाटंवर पडले, तर तुला कोन सोडंल? तुझी परीक्षा ऱ्हाईल. माझ्यापायी तू घरात बसलीस असं मला नको हाय."

  मी त्यांचा हात धरला. मग त्यांना म्हणाले, परीक्षा पुढच्या महिन्यातही असते, त्याच्या पुढच्याही असते. तुम्ही धडधाकट असाल तर मी निवांत जाईन. नाहीतर तिथे जाऊन माझा जीव इकडेच राहील.

"मग चल," त्या म्हणाल्या, इतक्या पटकन की मला पुन्हा विचारावं लागलं, "खरंच?"

"व्हय की. आता का मागं सरतीस?"

नवऱ्याला कोण सांगणार हा प्रश्न होता. मी सांगते म्हणाले. पण संध्याकाळी तो आल्यावर आत्यांनी स्वतःच त्याला समोर बसवलं. आवाज पुन्हा माळरानावरचा झाला होता. "माझं बाईचं दुखनं हाय. आपरेशन करायचंय. सूनबाईनं समदं बगितलंय. तू फकस्त गाडी काड." तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. तो उठून आईच्या पायाशी जाऊन बसला. आयुष्यभर जी गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही, ती त्यांनी मुलाला ताठ बसून सांगितली. मला माझ्या सासूचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

मी परीक्षेची तारीख पुढे ढकलली. आत्यांना हे कळलं तेव्हा त्या दवाखान्याच्या कॉटवर होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं, तरी मला रागावल्या. तारीख पुढे गेली तरी सराव थांबता कामा नये, अशी त्यांनी अटच घातली. त्यामुळे आमचा चारचा नेम वॉर्डातही चालू राहिला. फरक एवढाच, की आता पेशंट खरा होता. ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी त्या उठून चालायला लागल्या. मी त्यांना घरी गेल्यावर काय काळजी घ्यायची ते इंग्रजीत सांगायचे, मग मराठीत, आणि त्या दर वाक्याला अडवायच्या. "वजन उचलायचं न्हाय म्हंजे किती? तांब्या चालतोय का? कळशी?" मी इंग्रजीत तांब्या आणि कळशी कशी सांगावी या विचारात पडायचे. शेवटी हातानेच दाखवून म्हणायचे, एवढं चालेल, एवढं नाही. शेजारच्या कॉटवरची बाई आमच्याकडे तोंड उघडं ठेवून बघत राहायची.

घरी आल्यावर तीन महिने मी त्यांना घागर उचलू दिली नाही. त्यांनी मला एक दिवसही सुट्टी दिली नाही.

परीक्षा पुण्यात होती. आदल्या दिवशी मी रेल्वेने गेले, एका बहिणीकडे उतरले. निघताना आत्यांनी चमचाभर दही हातावर ठेवलं आणि एकच सांगितलं, "पेशंटकडं बगून बोल. कागदाकडं न्हाय."

खोली लहान होती, टेबल, दोन खुर्च्या, आवाज रेकॉर्ड करायचं यंत्र. समोर एक मध्यमवयीन गृहस्थ होते. सुरुवातीला त्यांनी कुठून आलात, कुठे काम करता असं विचारलं. मी सोलापूर म्हणाले. आमच्याकडच्या वॉर्डात एका पाळीत चार भाषा बोलाव्या लागतात, हेही सांगितलं. हे मी ठरवून गेले नव्हते, ते तोंडून आलं, आणि सांगताना माझी पाठ ताठ झाली.

पहिल्या कार्डात पायाला जखम झालेला माणूस होता. त्याला घरी पाय वर ठेवून पडून राहायचं होतं, पण तो उद्यापासूनच कामावर जायचं म्हणत होता. मी कार्ड वाचलं, टेबलावर ठेवलं आणि परत कार्डाकडे पाहिलं नाही. ते गृहस्थ म्हणाले, मी घरी बसू शकत नाही. मी विचारलं, घरी बसलात तर कशाची सगळ्यात जास्त काळजी वाटते? आणि थांबले. क्लासमधल्या पहिल्या दिवशी मी अशी थांबले असते तर घाम फुटला असता. त्या दिवशी मला थांबता आलं. त्यांनी कामाचं सांगितलं, साहेब नवीन आहे असं काहीतरी. मग मी त्यावरच बोलले. दोनदा माझं व्याकरण चुकलं, एकदा शब्द सापडला नाही, तर तो मी साध्या शब्दांत फिरवून सांगितला. दुसऱ्या कार्डात आईला बघायला आलेला, तिला तपासायला उशीर झाला म्हणून चिडलेला मुलगा होता. तो तर मला सोपाच गेला. चिडलेले नातेवाईक मी चहाबरोबर रोज पचवलेले होते.

बाहेर येऊन मी आधी घरी फोन लावला. आत्यांनीच उचलला.

"कसा हुता पेशंट?"

"पुरुष होता, आत्या. लगेच ऐकलं त्यानं."

"लगीच?" त्यांच्या आवाजात नाराजी स्पष्ट होती. "असला कसला पेशंट आनून बसवत्यात!"

निकाल लागला तेव्हा मी ड्यूटीवर होते. मोबाइलवर पाहिलं. चारही भागांत हवी ती श्रेणी मिळाली होती, आणि त्यात सगळ्यात जास्त गुण बोलण्यात होते. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. वाचणं, लिहिणं, ऐकणं, ज्यांचा मला भरवसा होता, ते सगळे बोलण्याच्या मागे राहिले होते. मी सरांना कळवलं. त्यांनी लिहिलं, 'सासूबाईंना नमस्कार सांगा.' मग औषधाच्या खोलीत जाऊन मी दोन मिनिटं एकटी उभी राहिले. मी नववीपर्यंत वर्गात इंग्रजीचं पुस्तक मोठ्याने वाचायची पाळी आली की आजारी असल्याचं सोंग करणारी मुलगी. माझं मलाच कौतुक वाटलं त्या दिवशी.

संध्याकाळी घरी पेढे आले. आत्यांनी पहिला पेढा माझ्या तोंडात घातला आणि दुसरा स्वतःच्या. नवरा म्हणाला, "मला?" तर त्याला उत्तर मिळालं, "तू लगीच ऐकतूस."

आता माझे कागद पुढे सरकलेत. निघायला फार दिवस राहिले नाहीत. आधी मी, मग वर्षभरात नवरा आणि आत्या, असं ठरलंय. आत्या तिकडे किती राहतील ते मला माहीत नाही. त्या म्हणतात, बघून येते, मग सांगते.

गेल्या महिन्यात सांगोल्याकडे भावकीत एका बाळाचं जावळ होतं. आत्या एसटीनेच गेल्या, मी बरोबर. जेवणं झाल्यावर बायका घरामागे सावलीला बसल्या होत्या, मी भांड्यांजवळ होते. एवढ्यात आत्यांचा आवाज आला. दबलेला नाही, नेहमीचा, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. "माझं अंग भाईर येत हुतं. किती वरसं झाकून ठिवलं. मग माझ्या सुनंनं आपरेशन करून आनलं. आता बगा, एसटीनं आले."  कुणीतरी तोंडाला पदर लावला. आत्या थांबल्या नाहीत. किती दिवस झोपावं लागलं, काय दुखलं, काय दुखलं नाही, डॉक्टरीण कशी बोलली, सगळं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "तुमच्यातल्या कुनाला असं काय हुतंय का?" आणि उत्तराची वाट बघत बसल्या.

मी भांडं हातात धरून तशीच उभी होते. पुढे गेले नाही, कारण तिथे माझं काही काम नव्हतं. आमच्या गाडीची वेळ झाली तेव्हा लांबच्या नात्यातली एक जाऊ आत्यांच्या मागोमाग वेशीपर्यंत आली. तिला डॉक्टरीणबाईंचा नंबर हवा होता. आत्यांनी मला हाक मारली, नंबर सांगायला लावला, आणि तो तिच्या मोबाइलमध्ये नीट उतरलाय का ते दोनदा बघून घेतल्यावरच एसटीत चढल्या.